घरी कोरकू, पुस्तकात मराठी: मेळघाटातला पहिलीचा वर्ग कसा चालवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: धारणी तालुक्यातली दुशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी. बहुतेक मुलं कोरकू, पाच-सहा गवळी, शिवाय बलई आणि निहाल घरांतली मोजकी. शिक्षक मराठवाड्यातून नव्याने रुजू झालेले. जुलै संपत आला तरी पहिलीची मुलं तोंड उघडत नाहीत. फळ्यावरचं हुबेहूब उतरवतात, पण वाचता येत नाही. दिवाळीनंतर बरीच घरं कामाला बाहेर जातात, असं गावकरी सांगतात. सुरुवात कुठून करावी?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी-मुंडारीच्या नात्यातली भाषा आहे. मराठीशी तिचं नातं नाही आणि शेजारच्या गोंडीशीही नाही. गोंडी द्रविड कुळातली. नंदुरबारचा शिक्षक भिली-पावरी बोलणाऱ्या मुलाशी मराठीत बोलला तर मुलाला अर्धंमुर्धं तरी कळतं. तुमच्या पहिलीतल्या मुलाला सुरुवातीला जवळपास काहीच कळत नाही. त्यामुळे वऱ्हाडीसाठी किंवा अहिराणीसाठी चालणारा ‘हळूहळू रुळेल’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. जी गप्प आहेत ती मुलं लाजाळूही नाहीत, मंदही नाहीत; त्यांना काय विचारलंय हेच समजलेलं नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९(२)(च) शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असं सांगतं, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. ‘वर्गात कोरकू का बोलता?’ असं कोणी अधिकाऱ्याने विचारलंच, तर एवढं उत्तर पुरेसं आहे. (२०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून हिंदीवरून महाराष्ट्रात एवढं रान उठलं, शेवटी शासन निर्णय मागे घ्यावे लागले. त्या सगळ्या गदारोळात ज्या मुलांची पहिली भाषा मराठीही नाही आणि हिंदीही नाही, त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.)

हातात बारा-तेरा आठवडे आहेत. दिवाळीला निघून गेलेलं मूल होळीला परततं, कधी पुन्हा जातं. म्हणून वाचनाचा पाया दिवाळीच्या आत घालायचा, असं धरूनच नियोजन करा. वार्षिक नियोजनातले घटक वर्षभर समान वाटलेले असतात. ते कागदावर राहू द्या.

पहिल्या आठवड्यात शिकवायचं कमी आणि विचारायचं जास्त. एका वहीत प्रत्येक मुलापुढे चार गोष्टी लिहा: घरी आईशी कोणती भाषा, भावंडांशी कोणती, बाजारात कोणती, आणि मराठी किती समजते (काहीच नाही / साध्या सूचना / गोष्ट). धारणीकडे मध्य प्रदेशची हद्द जवळ असल्याने बऱ्याच मुलांच्या कानावर बाजारातली हिंदी असते, मराठी नसते. गवळी मुलांची घरची बोली आणखी वेगळी. ही नोंद आईशी बोलून करा. मुलाला विचारलंत तर ते गुरुजींना आवडेल ते उत्तर देतं.

त्याच आठवड्यात तुम्ही स्वतः तीस-चाळीस कोरकू वाक्यं शिका. अंगणवाडी मदतनीस किंवा चौथीतली मुलं सांगतील; मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा आणि येता-जाता ऐका. निवड अशी करा: ये, बस, दाखव, पुन्हा सांग, किती, कोण, कुठे, त्यानंतर लघवीला जायचं, तहान लागली, पोट दुखतंय, त्याने मारलं, घरी कोण आहे. पोट दुखतंय हे सांगता येत नाही म्हणून मूल शाळेतून पळून जातं आणि आपण हजेरीत ‘अनियमित’ लिहितो. तुमचे उच्चार चुकणारच. मुलं हसतील आणि दुरुस्त करतील. तीच त्यांची वर्गातली पहिली खरी बोलणी असतात, म्हणून ती थांबवू नका.

आता अक्षरांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. भिंतीवरच्या तक्त्यावर माशाचं चित्र असतं आणि खाली ‘म’. कोरकू मूल ते चित्र बघून ‘काकू’ म्हणतं, कारण कोरकूत मासा म्हणजे काकू. त्याने चित्र बरोबर ओळखलं. ‘म’ मात्र त्या शब्दात कुठेच नाही. घराचं चित्र बघून ‘उरा’ म्हणतं, खाली ‘घ’ असतो. चित्र आणि अक्षर यांचा मेळच बसत नाही म्हटल्यावर मूल चित्र बघणं सोडून देतं आणि अक्षराचा आकार पाठ करतं. फळ्यावरचं हुबेहूब उतरवणारी, पण वाचू न शकणारी मुलं अशीच तयार होतात.

म्हणून तक्ता बाजूला ठेवा आणि मुलांच्या तोंडी असलेल्या चार शब्दांपासून सुरुवात करा: डा (पाणी), उरा (घर), काकू (मासा), कोरो (माणूस). उच्चार गावागणिक थोडा बदलतो, तुमच्या गावात विचारून पक्का करा. या चार शब्दांत उ, क, ड, र ही अक्षरं आणि काना, दीर्घ उकार, ओकार आले. एवढ्या सामग्रीवर मराठीतले कर, उड, रड, कडू, काका, करू, कोरडा हे शब्द बनतात. म्हणजे मूल आधी स्वतःच्या शब्दात अक्षर ओळखतं आणि तेच अक्षर घेऊन मराठी शब्दात शिरतं. दर आठवड्याला तीन-चार नवे कोरकू शब्द घ्या, त्यातून दोन-तीन नवी अक्षरं काढा आणि लगेच त्यांचे मराठी शब्द करा. ज्याचा अर्थ माहीत नाही असा मराठी शब्द वाचायला देऊ नका. आधी वस्तू दाखवून किंवा कृती करून तो तोंडी पक्का करून घ्या.

कोरकूतले काही आवाज देवनागरीत नेमके बसत नाहीत. त्यावर वाद घालत बसू नका. एका शब्दाचं एकच लेखन ठरवा, पहिली ते चौथी सगळीकडे तेच वापरा आणि तुमच्या सहकाऱ्यालाही ते माहीत असू द्या. सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं लेखन दिसलं, की मुलांचा गोंधळ होतो.

चाळीस मिनिटांच्या तासाची साधारण विभागणी अशी बसते. पहिली दहा मिनिटं एका मोठ्या चित्रावर कोरकूत गप्पा, मुलंच बोलतील, तुम्ही ऐकायचं. पुढची दहा मिनिटं त्याच चित्रावर मराठी. पाच-सहाच शब्द, दोन वाक्यरचना, हावभावांसह. पंधरा मिनिटं अक्षरं आणि शब्द. शेवटची पाच मिनिटं एखादं गाणं किंवा सूचनांचा खेळ. पहिल्या आठ आठवड्यांत मुलांच्या बोलण्यापैकी दोन तृतीयांश कोरकूत असेल तर काळजी नको. दिवाळीच्या आसपास ते निम्म्यावर यावं. तिसरीत शिकवणं मुख्यतः मराठीत, पण अवघड कल्पना कोरकूत समजावणं चालू ठेवा. मूल मैदानावर मराठीत भांडायला लागलं की आपल्याला वाटतं, झालं काम. तसं नसतं. बोलण्यापुरती नवी भाषा दोनेक वर्षांत येते. पाठ्यपुस्तकातली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. चौथीत चुरचुरीत बोलणारं मूल परिसर अभ्यासाचा उतारा वाचून गप्प होतं, ते याच फरकामुळे.

प्रत्येक वाक्याचं लागलीच भाषांतर करू नका. तुम्ही मराठीत बोलायचं आणि लगेच कोणीतरी ते कोरकूत सांगायचं, असं सुरू झालं की मुलं मराठीकडे कानच देत नाहीत. त्यांना ठाऊक असतं, मागून कोरकू येणार आहे. त्यापेक्षा वेळ वाटून घ्या: हा भाग कोरकूत, हा मराठीत. दुभाष्या म्हणून चौथीतल्या एकाच हुशार मुलीला रोज पहिलीत बसवण्याची सवय तर सरसकट दिसते. तिचा स्वतःचा अभ्यास बुडतो. आठवड्याला मूल बदला आणि दिवसाला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका.

चुकांकडे कसं बघायचं? कोरकूत मराठीसारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग नाही. तिथे सजीव आणि निर्जीव असा भेद महत्त्वाचा. त्यामुळे ‘आई आला’, ‘माझा वही’ हे दोन-तीन वर्षं चालूच राहणार. ‘ळ’ हा आवाजही कोरकूत नाही, तेव्हा ‘बाळ’चं ‘बाल’ होईल. उलट आम्ही आणि आपण यांतला फरक या मुलांना पटकन कळतो, कारण ऐकणाऱ्याला धरून आणि सोडून असे दोन वेगळे ‘आम्ही’ कोरकूतही आहेत. हिंदी बोलणारं मूल तिथे अडखळतं. लिंगाची चूक झाली की थांबवून दुरुस्त करू नका. ‘आई आला’ म्हटलं की ‘हो का, आई आली? कुठून आली?’ असं विचारा. बरोबर रूप कानावर पडतं आणि बोलणंही तुटत नाही. पहिली-दुसरीच्या वहीत लिंगावरून लाल शाई वापरूच नका.

वाचायला पुस्तकं कुठून आणायची? स्टोरीविव्हर या मोफत संकेतस्थळावर कोरकूतली चित्रपुस्तकं आहेत. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे आणि तुमच्या ‘डाएट’कडेही (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) बोलीभाषांतल्या साहित्याची चौकशी करा. पण सगळ्यात जास्त वाचली जातात ती वर्गातच तयार झालेली पुस्तकं. गावातल्या एखाद्या आजोबांना पंधरा दिवसांतून एकदा गोष्ट सांगायला बोलवा, ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि मुलांबरोबर आठ वाक्यांत बसवा. ए-थ्री कागद दुमडून आठ पानं करा. पानावर एकच वाक्य, चार-पाच शब्दांचं, अक्षराची उंची निदान दोन सेंटिमीटर, वर मुलांनी काढलेलं चित्र. कोरकू आणि मराठी एकाच पानावर शेजारी छापू नका. नजर सोप्याकडेच पळते. दोन वेगळी पुस्तकं करा, चित्रं तीच ठेवा. महिन्याला अशा दोन गोष्टी झाल्या तरी दिवाळीपर्यंत सहा होतात आणि प्रत्येक मुलाला घरी न्यायला काहीतरी असतं.

गणितात भाषेची अडचण लपून राहते. मूल मनात बरोबर मोजतं, पण ‘एकोणतीस’ म्हणजे काय हे त्याला उमगत नाही. अकरा ते नव्याण्णवची मराठी नावं मराठी घरातल्या मुलालाही छळतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा तिची भरपूर थट्टा झाली. तुमच्या वर्गात ती अगदी सरळ उपयोगाची आहे. आधी दशक-एकक तशा वाचनाने पक्कं करा, रूढ नावं मागून येऊ द्या. शाब्दिक उदाहरणं लिफ्ट, समुद्रकिनारा आणि मॉलची असतात, ती बदलून टाका. तेंदूपानांचा पुडका मुलांनी हाताने बांधलेला असतो. महाराष्ट्रात एका पुडक्यात ७० पानं आणि प्रमाण गोणीत १००० पुडके. पलीकडे मध्य प्रदेशात पुडका ५० पानांचा. आईने दिवसात ४० पुडके बांधले तर पानं किती? तेवढीच पानं पलीकडच्या हिशेबाने बांधली तर पुडके किती? (२८०० पानं, ५६ पुडके.) तिसरी-चौथीला यावर आठवडाभर काम करता येतं. चाचणीत प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा आणि तोंडी उत्तर कोरकूतही स्वीकारा. गणिताच्या पेपरात मराठी तपासली जाणार नाही, एवढं पथ्य पाळा.

एखादं मूल ‘गतिमंद’ किंवा ‘अध्ययन अक्षम’ आहे अशी शंका आली, तर शिक्का मारण्याआधी तीन टप्प्यांची एक सूचना कोरकूत द्यायला लावा: दगड उचल, दारापाशी ठेव, परत येऊन बस. आईला विचारा, घरी गोष्टी सांगतं का, निरोप बरोबर पोचवतं का. इथे सगळं ठीक असेल तर प्रश्न भाषेचा आहे. याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या: खरोखर कमी ऐकू येणारं मूल ‘याला मराठी येत नाही’ या सबबीखाली वर्षानुवर्षं लपून राहतं. कोरकूतही प्रतिसाद नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येईल तेव्हा त्याचं नाव आवर्जून द्या.

आता वर्गातल्या आपसांतल्या भिंती. बाहेरून येणाऱ्याला सगळी मुलं ‘आदिवासी’ म्हणून एकसारखी दिसतात. ती तशी नसतात. निहालांना कोरकू समाज परंपरेने खालचं मानत आला आहे. गवळ्यांची गुरं आणि कोरकूंची शेतं यांचे जुने तंटे असतात. बलई मुलांकडे बघण्याची नजर आणखी वेगळी. हे सगळं मुलं घरून घेऊनच शाळेत येतात. यावर उपदेश करून काही होत नाही. आधी नोंद ठेवा. दोन आठवडे न सांगता टिपा: वर्ग कोण झाडतं, पाण्याचा हंडा कोण भरतं, ओगराळं कोणाच्या हातात असतं, पोषण आहाराच्या पंगतीत शेवटी कोण बसतं, मॉनिटर कोण असतो, स्वच्छतागृह धुवायला कोणाचं नाव घेतलं जातं. ‘आमच्या शाळेत असं काही नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच शाळांत या वहीतून एकाच घराची मुलं वर येतात.

उपाय अगदी यांत्रिक ठेवा. दर सोमवारी हजेरीपटाच्या क्रमाने जागा एक-एक पुढे सरकवा. झाडणं, पाणी, वाढणं, घंटा ही सगळी कामं एकाच फिरत्या तक्त्यावर, मुलगे आणि मुली दोघांना. त्यात शिक्षकांचंही नाव असू द्या. पंगत वर्गवार न बसवता मिश्र बसवा. पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, तेव्हा ताटातला भात कोणाला कमी, कोणाला जास्त होतो का, हेही अधूनमधून बघा. स्वयंपाकीण गावातलीच असते आणि गावातल्या मानपानाचा परिणाम तिच्या हातावरही होतो. जात किंवा जमात शिवी म्हणून वापरली गेली तर त्याच दिवशी, पण चारचौघांत तमाशा न करता बोला. शिक्षकाच्या तोंडून ‘ही जंगली पोरं’, ‘यांच्या डोक्यात शिरतच नाही’ असं गेलं तर तो शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ खालचा मानसिक छळ आहे. स्टाफरूममधली भाषा मुलांच्या कानावर पडते, आणि तिथे मराठी न कळण्याचा प्रश्न कसा कोण जाणे येत नाही!

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मोरपिसं बांधून नाचाचा कार्यक्रम करायचा आणि एरवी वर्षभर कोरकूवर बंदी, याला समावेशन म्हणत नाहीत. होळी हा मेळघाटातला सगळ्यात मोठा सण. त्या पाच-सहा दिवसांत, फगवा (होळीची वर्गणी मागत फिरणं) चालू असताना चाचणी ठेवू नका. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी तिथे वापरा. तुमच्या नाचापेक्षा पालकांना हे जास्त भावतं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, असं कायदा सांगतो. कागदावर हे असतंच. बैठक बाजाराच्या दिवशी ठेवू नका, कोरकूत चालवा, इतिवृत्त मराठीत लिहून तिथल्या तिथे कोरकूत वाचून दाखवा. निहाल किंवा बलई घरातली एखादी आई समितीत असेल तर पहिले काही महिने ती बोलणार नाही. तिच्या घरी जाऊन आधी मत विचारून या.

स्थलांतराची तयारी सप्टेंबरमध्येच करा. कोणतं घर, कुठे, कोणत्या मुकादमाबरोबर, साधारण किती दिवस, घरात मागे राहू शकेल अशी आजी आहे का, याची यादी करा. आजी असेल तर मूल गावातच ठेवण्याची गळ आधी घाला, समितीमार्फत घातली तर जास्त उपयोग. जाणाऱ्या प्रत्येकाला शिक्षण हमी कार्ड (नव्या गावातल्या शाळेत दाखवायचं) आणि वर्गात केलेली दोन-तीन पुस्तकं द्या, पालकांचा मोबाइल क्रमांक घ्या, आणि जिथे जाणार तिथल्या शाळेला स्वतः फोन करा. कार्ड पिशवीत पडून राहतं. फोनने काम होतं. मध्य प्रदेशात गेलेल्यांच्या बाबतीत आपलं कार्ड तिथे ओळखलं जाईलच असं नाही, पण शिक्षण हक्क कायदा तिथेही तोच आहे: दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नाव पटावरून कमी करू नका. परतलेल्या मुलाला बाकीचे जिथे पोचलेत तिथे एकदम बसवू नका. पहिले आठ दिवस त्याने सोडताना वाचलेल्या पुस्तकांवर काढा, मग रोज अर्धा तास वेगळा द्या.

शेवटी दाखल-खारीज रजिस्टर. नाव मुलाला घरी हाक मारतात तेच लिहा; उच्चार अवघड म्हणून ‘सुधारून’ नवं नाव ठेवण्याची शाळांची जुनी खोड आहे आणि पुढे आधार, बँक, शिष्यवृत्ती सगळीकडे त्याचा ताप होतो. जमातीच्या रकान्यात ‘आदिवासी’ किंवा ‘हिंदू आदिवासी’ असं मोघम न लिहिता ‘कोरकू’, ‘निहाल’, ‘गोंड’ असं नेमकं लिहा. अनुसूचित जमातींच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा महाराष्ट्रात ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना महत्त्व आहे. म्हणजे तुमच्या कपाटातलं जीर्ण रजिस्टर हे कुणाच्या तरी पणजोबाचा एकमेव पुरावा असू शकतं. ते वाळवी लागण्याआधी स्कॅन करा. चुकीची नोंद सापडली तर मूल शाळेत शिकत असतानाच दुरुस्तीचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. दाखला घेऊन मूल बाहेर पडलं की तीच दुरुस्ती वर्षानुवर्षं रखडते.